बाल्टिकमधला एक किलो स्फुरद: काढायचा कुठे आणि पैसे द्यायचे कुणी?

जुलै-ऑगस्टच्या दिवसांत उपग्रहाने टिपलेली बाल्टिक समुद्राची छायाचित्रं पाहिली, तर गडद पाण्यावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे शेकडो किलोमीटर लांबीचे वेटोळे दिसतात. कुणी संगमरवरी कागद रंगवावा तसं ते दिसतं. प्रत्यक्षात तो शेवाळाचा तवंग असतो. खरं तर ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू, पण सगळे त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात. त्यातल्या काही जाती विषारी आहेत. त्यामुळे ऐन सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यांवर ‘पाण्यात उतरू नका, लहान मुलांना आणि कुत्र्यांना जपा’ अशा सूचना लागतात.

हे शेवाळ पोसलं जातं नत्रावर आणि स्फुरदावर, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. खताच्या पोत्यावर हीच दोन नावं लिहिलेली असतात. गव्हाला लागतं तेच शेवाळालाही लागतं. शेतातून वाहून आलेलं खत, जनावरांचं शेण-मूत्र आणि शहरांचं सांडपाणी नद्यांमधून समुद्रात उतरतं आणि तिथे नको असलेलं पीक तरारून येतं.

असं जगात अनेक समुद्रांत होतं. बाल्टिकची गोष्ट वेगळी आहे ती त्याच्या ठेवणीमुळे. तो उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम 55 मीटर. उत्तर समुद्राशी त्याला जोडणाऱ्या डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुन्या इतक्या अरुंद आणि उथळ आहेत, की सगळं पाणी बदलायला सुमारे 30 वर्षं लागतात. पाणी मचूळ आहे: वर नद्यांचं हलकं पाणी, तळाशी खारट जड पाणी, आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. वरचं शेवाळ मरून तळाशी जातं, ते कुजताना तिथला ऑक्सिजन संपतो आणि वरून नवा ऑक्सिजन पोहोचत नाही. ऑक्सिजनचा असा तुटवडा असलेलं तळाचं क्षेत्र गेल्या शतकभरात सुमारे 5,000 चौरस किलोमीटरवरून 60,000 च्या वर गेलं. कॉड माशाची अंडी तग धरण्यासाठी खारं आणि ऑक्सिजन असलेलं खोल पाणी लागतं. पूर्व बाल्टिकमधल्या कॉडची अवस्था इतकी बिकट झाली, की 2019 मध्ये युरोपीय संघाला त्याच्या मासेमारीवर तातडीने बंदी घालावी लागली.

त्यात आणखी एक दुष्टचक्र आहे. तळाच्या गाळात लोहाशी बांधला गेलेला जुना स्फुरद, ऑक्सिजन संपला की पुन्हा सुटा होतो आणि पाण्यात येतो. म्हणजे 1970 च्या दशकात कुणीतरी सोडलेलं सांडपाणी आजही शेवाळ पोसतं आहे. एवढं ध्यानात ठेवायचं, कारण पुढच्या सगळ्या पैशांच्या हिशेबावर याची सावली पडते.

आता अर्थशास्त्र.

बाल्टिकला पाणी पुरवणारं पाणलोट क्षेत्र समुद्राच्या चौपट आहे. त्यात 14 देशांचे भूभाग आणि सुमारे साडेआठ कोटी माणसं येतात. किनारा मात्र नऊ देशांचा: डेन्मार्क, जर्मनी, पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, रशिया, फिनलंड आणि स्वीडन. या साडेआठ कोटींतल्या कुणालाच समुद्र बिघडवायचा नाही. शेतकरी पोतं विकत घेताना खताची किंमत आणि वाढणारं उत्पन्न यांची तुलना करतो. त्याचा हिशेब चोख असतो, फक्त त्यात समुद्राचा रकाना नसतो. शेतातून वाहून गेलेल्या नत्राचं बिल त्याच्याकडे कधी येत नाही. ते बिल पडतं दुसऱ्या देशातल्या मच्छीमाराला, किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला आणि पोहायला गेलेल्या मुलांना. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणतं: करणारा एक, भरणारा दुसरा.

एका देशाच्या आत यावर उपाय सापडतो. सरकार कर लावतं, नियम करतं, दंड करतं. पण समुद्रावर सरकार नाही. नऊ देशांना कुणी हुकूम देऊ शकत नाही, आणि प्रत्येकाचं गणित असं असतं: मी 100 रुपये खर्च केले तर सगळ्यांचा मिळून फायदा 200 चा, पण माझ्या वाट्याला त्यातले 40 च येणार. मग मी कशाला करू? शेजाऱ्याने केलं तर मला फुकटात 40 मिळतील. नऊही जण असाच विचार करत बसले तर कुणीच काही करत नाही, आणि मजा म्हणजे कुणाचाच हिशेब चुकलेला नसतो. त्यामुळे ‘लोकांना जाणीव नाही’ एवढ्यावर हा प्रश्न टाकून देणं मला पटत नाही. जाणीव असलेली माणसंसुद्धा या गणितात अडकतात.

म्हणूनच 1974 मधला हेलसिंकी करार मला मोठी गोष्ट वाटते. शीतयुद्ध चालू असताना, पूर्व आणि पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ, पोलंड, डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड या सात देशांनी एकाच समुद्राच्या रक्षणाच्या कागदावर सह्या केल्या. करार 1980 मध्ये अमलात आला. त्यातून उभा राहिलेला आयोग ‘हेलकॉम’ या नावाने ओळखला जातो. त्याच्याकडे शिक्षा करण्याची ताकद नाही. त्याची ताकद आहे मोजणी: कुठल्या नदीतून किती टन नत्र आणि किती टन स्फुरद येतो याचे आकडे सगळ्यांसमोर ठेवणं. आकडा सर्वमान्य झाला, की निदान भांडण तरी त्या आकड्यावर होतं.

1988 मध्ये या देशांच्या मंत्र्यांनी ठरवलं की पोषकद्रव्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. सगळ्यांनी सारखंच, 50 टक्के. ऐकायला न्याय्य वाटतं. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ही वाटणी महाग पडते, आणि ती का महाग पडते हे कळलं की या विषयाचं निम्मं अर्थशास्त्र कळलं.

दोन देश कल्पू. पहिल्याने आपलं सांडपाणी आधीच खूप स्वच्छ केलं आहे. सोपे उपाय संपले आहेत. आता आणखी एक किलो स्फुरद काढायला त्याला 200 युरो लागतात. दुसऱ्या देशात शहराचा मैला थेट नदीत जातो. तिथे एक किलो 20 युरोत निघतो. पुढच्या टप्प्यावर थोडा महाग पडेल, समजा 30 युरो. ‘आणखी एक किलो काढायला किती’ या आकड्याला सीमांत खर्च म्हणतात. आता दोघांनी 100-100 टन कमी करायचे ठरवले तर पहिल्याचे 2 कोटी युरो आणि दुसऱ्याचे 20 लाख, एकूण 2 कोटी 20 लाख. तेच 200 टन सगळे दुसऱ्या देशातच काढले तर 20 लाख अधिक 30 लाख, म्हणजे अवघे 50 लाख. समुद्राला फरक काहीच नाही. मग पहिल्या देशाने दुसऱ्याला त्याच्या वाढीव कामासाठी 40 लाख दिले तर? दुसऱ्याला खर्च वजा जाता 10 लाख उरतात आणि पहिल्याचे 1 कोटी 60 लाख वाचतात. आकडे कल्पित आहेत, पण तर्क खरा आहे: काम कुठे व्हावं आणि पैसे कुणी द्यावेत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र बांधले की दोन्हींची उत्तरं बिघडतात.

यात एक पाचर आहे. सगळे किलो सारखे नसतात. दूरच्या शेतातून तलावांवाटे येणाऱ्या नत्राचा बराचसा भाग वाटेतच जिरतो, तर नदीच्या मुखावरच्या शहरातून सोडलेला जवळजवळ सगळा समुद्रात पोहोचतो. शिवाय समुद्राच्या काही भागांत नत्र कमी करणं महत्त्वाचं, तर काही भागांत स्फुरद, कारण निळं-हिरवं शेवाळ नत्र थेट हवेतून घेऊ शकतं. त्याला अडवायचं तर स्फुरदच तोडावा लागतो. त्यामुळे तुलना करताना किलो मोजायचा तो समुद्रात पोहोचल्यावर, आणि समुद्राच्या नेमक्या त्या भागात.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर सेंट पीटर्सबर्गकडे पाहा. सुमारे 50 लाखांचं शहर, नेवा नदीच्या मुखावर, फिनलंडच्या आखाताच्या अगदी टोकाला. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तिथलं बरंचसं सांडपाणी प्रक्रिया न होताच पाण्यात जात होतं आणि नैर्ऋत्य भागातलं मोठं शुद्धीकरण केंद्र अर्धवट पडून होतं. आखाताच्या दुसऱ्या बाजूला फिनलंड. तिथल्या केंद्रांतून स्फुरदाचा बहुतेक भाग आधीच काढला जात होता. आणखी कसोशीने काढायचा तर प्रत्येक किलो सोन्याच्या भावाने पडला असता. म्हणून फिनलंड, स्वीडन, इतर देणगीदार आणि विकास बँका यांच्या पैशांची रशियाच्या पैशांशी जुळणी करून ते केंद्र पुरं झालं आणि 2005 मध्ये सुरू झालं. पुढे फिनलंडमधल्या जॉन नुर्मिनेन फाउंडेशनने शहराच्या जलसंस्थेबरोबर मोठ्या केंद्रांमध्ये रासायनिक पद्धतीने स्फुरद काढण्याची सोय करून दिली. पद्धत साधी आहे: सांडपाण्यात लोहाचे क्षार घालायचे, स्फुरद त्यांना चिकटतो, साक्यासारखा खाली बसतो आणि गाळाबरोबर बाहेर काढता येतो. अवाढव्य बांधकाम लागत नाही, टाक्या आणि पंप पुरतात. 2013 मध्ये शहराच्या मुख्य गटार-बोगद्याचं काम पुरं झालं आणि थेट नदीत जाणारा उरलेला मैलाही बव्हंशी केंद्रांकडे वळला. फिनलंडच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्या देशात खर्च केलेला हा पैसा आपल्याच किनाऱ्यासाठी केलेल्या सगळ्यात फायदेशीर खर्चांपैकी एक ठरला.

यावर रास्त आक्षेप आहे: घाण करणाऱ्यानेच पैसे द्यायला नकोत का? नियम म्हणून हो. शिवाय शेजारी पैसे देईल अशी आशा लागली तर एखादा देश मुद्दाम हात आखडून बसू शकतो. थांबेल त्याला बक्षीस, आधी करेल त्याला भुर्दंड, असं व्हायला वेळ लागत नाही. मला वाटतं यावर पुरेसं चांगलं उत्तर युरोपीय संघाने दिलं: पैसा द्यायचा, पण कायद्याच्या बंधनासह. शहरी सांडपाण्याबद्दलचा संघाचा कायदा 1991 चा. पोलंड आणि एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तिन्ही बाल्टिक देश 2004 मध्ये संघात आले तेव्हा तो त्यांना लागू झाला आणि सोबत केंद्रं बांधायला संघाचा निधीही मिळाला. वॉर्सासारख्या राजधानीत व्हिस्तुला नदीच्या डाव्या तीरावरच्या वस्तीचं बरंचसं सांडपाणी तोवर सरळ नदीत जात होतं. चायका केंद्राच्या विस्तारानंतर, 2012 च्या सुमारास, ते नदीखालच्या नळांतून केंद्रात जाऊ लागलं. 2019 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये हेच नळ निकामी झाले आणि मैला पुन्हा व्हिस्तुलात सोडावा लागला. बांधण्याला निधी मिळतो, दुरुस्ती-देखभालीचा खर्च मात्र वर्षानुवर्षं स्थानिक लोकांच्याच पाणीपट्टीतून निघावा लागतो. हिशेब मांडताना हा भाग नेहमी मागे पडतो.

2007 मध्ये क्राकूवला बाल्टिक समुद्र कृती योजना मंजूर झाली आणि सरसकट 50 टक्क्यांची पद्धत गेली. या वेळी उलट्या बाजूने सुरुवात झाली: समुद्र किती सोसू शकतो? उत्तर आलं, वर्षाला सुमारे 21,000 टन स्फुरद आणि 6,00,000 टन नत्र. तिथपर्यंत यायला साधारण 15,250 टन स्फुरद आणि 1,35,000 टन नत्र कमी करायला हवा होता. मग तो देशांमध्ये वाटला. पोलंडच्या वाट्याला आला 8,760 टन स्फुरद, म्हणजे एकट्याकडे निम्म्याहून जास्त. फिनलंडकडे 150 टन, स्वीडनकडे 290.

वाचताना पोलंड हा मोठा गुन्हेगार वाटतो. पण पाणलोटातली जवळपास निम्मी माणसं पोलंडमध्ये राहतात. श्रीमंत शेजाऱ्यांनी आपलं सांडपाणी स्वच्छ केलं ते आधीच्या दशकांत, आपल्या सुबत्तेच्या बळावर. किलोने मोजलं तर पोलंड पुढे, माणशी मोजलं तर चित्र बदलतं, आणि प्रत्येकाच्या ऐपतीने मोजलं तर आणखी बदलतं. यातलं कुठलं माप न्याय्य, हे गणित सांगू शकत नाही. 2013 मध्ये कोपनहेगनला आकडे पुन्हा काढले गेले. 2021 पर्यंतचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, आणि त्याच वर्षी ल्यूबेकला 2030 पर्यंतची नवी योजना स्वीकारली गेली.

एवढा खर्च परवडतो का, हे विचारायचं तर दुसऱ्या पारड्यात फायदा ठेवायला हवा. तो मोजायचा कसा? स्वच्छ समुद्र बाजारात मिळत नाही. मासे आणि पर्यटन यांचा हिशेब लागतो, पण किनाऱ्यावर कधीही न गेलेल्या माणसालाही समुद्र जिवंत असावा असं वाटतं, त्याची किंमत काय? यासाठी लोकांना थेट विचारण्याची पद्धत आहे: समुद्राची अशी-अशी सुधारणा होणार असेल तर दरवर्षी किती रक्कम द्याल? 2011 मध्ये नऊही देशांतल्या 10,000 हून अधिक लोकांना हे विचारलं गेलं. त्यावर आधारलेल्या ‘बाल्टिकस्टर्न’ अभ्यासाने 2013 मध्ये अंदाज मांडला: योजना पुरी करण्याचा खर्च वर्षाला 230 ते 280 कोटी युरो, लोकांच्या लेखी फायदा सुमारे 380 कोटी युरो. म्हणजे वर्षाला 100 कोटींहून जास्त निव्वळ लाभ.

‘देईन’ म्हणणं आणि खिशातून काढणं यात अंतर असतं, हे खरं. तरी मला या अभ्यासातली वाटणी एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. जास्त द्यायची तयारी स्वीडनसारख्या श्रीमंत देशांत, तर सगळ्यात जास्त काम पोलंडसारख्या देशांत. बेरीज नफ्याची असली तरी प्रत्येक रकाना नफ्याचा नाही. म्हणूनच नऊ अर्थमंत्री एकाच उत्साहाने सही करत नाहीत, आणि सीमेपार पैसा वळवल्याशिवाय हा करार कागदावरच राहतो.

त्यात काळाचा घोळ. खर्च आज करायचा, समुद्र सुधारणार काही दशकांनी, कारण गाळातला जुना स्फुरद लगेच जात नाही. अर्थतज्ज्ञ भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढतात. वर्षाला 4 टक्के दर धरला तर 30 वर्षांनंतरचे 100 युरो आज सुमारे 31 युरोंचे. दर दीड टक्का धरला तर सुमारे 64 चे. एकच समुद्र, एकच फायदा, पण एका दराने प्रकल्प तोट्याचा आणि दुसऱ्याने नफ्याचा. हा दर बघायला तांत्रिक दिसतो, पण तो ठरवताना अजून न जन्मलेल्या पिढीचं वजन किती धरायचं हेच आपण ठरवत असतो. मी कमी दराच्या बाजूने आहे.

सांडपाण्याचं काम अवघड असलं तरी तिथे निदान नळाचं एक तोंड सापडतं. कपड्यांच्या साबणचुऱ्यातले फॉस्फेट तर आणखी सोपे होते. स्वीडनने 2008 मध्ये आणि संघाने 2013 पासून त्यांवर निर्बंध घातले, आणि धुलाईत फारसा फरक पडला नाही. शेतीला असं तोंडच नसतं. हजारो शेतांतून पावसाबरोबर थोडं-थोडं वाहतं, आणि कुणाच्या शेतातून किती गेलं हे मोजणं जवळपास अशक्य.

मग खतावरच कर लावावा? स्वीडनने 1984 पासून लावून पाहिला आणि 2009 अखेर काढून टाकला. खताच्या किमतीत थोडी वाढ झाली म्हणून शेतकरी फार कमी खत टाकत नाही. शिवाय कर पोत्यावर बसतो, वाहून जाणाऱ्या नत्रावर नाही, आणि शेणखताला तर पोतंच नसतं. डुकरांचं, गाईंचं पातळ खत बहुतांशी पाणीच असतं. ते काही किलोमीटरपलीकडे नेणं परवडत नाही, म्हणून गोठ्याजवळच्या शेतांवर गरजेपेक्षा जास्त पडत राहतं. जिथे खताची टंचाई आहे तिथे ते पोहोचतच नाही.

डेन्मार्कने कडक वाट धरली. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक नियम आले, प्रत्येक शेताला नत्राची मर्यादा ठरली, तीही पिकाला सर्वाधिक फायदेशीर पातळीपेक्षा कमी. समुद्रात जाणारा नत्र मोठ्या प्रमाणात घटला. शेतकऱ्यांची तक्रार होती की आमचं पीक उपाशी राहतं, आणि 2016 पासून ती मर्यादा सैल झाली. 2024 च्या एप्रिलमध्ये वायले फियॉर्ड या खाडीच्या किनाऱ्यावर लोकांनी त्या खाडीचा प्रतीकात्मक अंत्यविधी केला. त्याच वर्षी सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संघटना यांच्यात करार झाला, त्यात शेतजमिनीचा मोठा भाग जंगलाकडे आणि पाणथळीकडे वळवण्याचं ठरलं.

दरम्यान सीमेपलीकडचा स्वस्त किलो संपत आला, आणि मार्च 2022 नंतर, युक्रेनवरच्या आक्रमणामुळे, रशियासह होणाऱ्या हेलकॉमच्या औपचारिक बैठकाही थांबल्या. फिनलंडसाठी आता उरलेलं काम बरंचसं स्वतःच्या शेतांत आहे. नैर्ऋत्य फिनलंडच्या चिकणमातीच्या शेतांतून स्फुरद वाहतो तो ‘द्वीपसमूहाचा समुद्र’ म्हणवणाऱ्या बाल्टिकच्या भागात. त्या शेतांत जिप्सम पसरलं जातं, हेक्टरी सुमारे 4 टन. ते मातीच्या कणांना एकत्र धरतं, स्फुरदाचं वाहणं निम्म्याच्या आसपास कमी होतं आणि पीक कमी होत नाही. काही वर्षांनी परिणाम ओसरतो आणि पुन्हा टाकावं लागतं. पैसे सरकार देतं. शेतकऱ्याला खर्च काही पडत नाही, आणि ट्रक शेतात शरद ऋतूत येतो, पीक निघाल्यावर आणि जमीन पावसाने भिजण्याआधी.